तालमीची प्रश्नावली: एका कॉलेजातल्या कंत्राटी कामाचं प्रकरण

ही हकिगत गोव्यातल्या एका पदवी महाविद्यालयाची आहे. महाविद्यालयाचं आणि कंत्राटदाराचं नाव मी देत नाही. माणसांची नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. मी तिथे अर्थशास्त्र शिकवतो. जे घडलं त्यात माझा हात होता, चांगल्यातही आणि वाईटातही, म्हणून त्रयस्थासारखं लिहिणं मला जमणार नाही.

पार्श्वभूमी

आमचं कॉलेज गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. ताळगाव पठारावरचं विद्यापीठ लांब, औद्योगिक वसाहत मात्र जवळ. बऱ्याच मुलांच्या घरचं कुणी ना कुणी तिथे कामाला जातं. बाकीची मुलं खाणपट्ट्यातली. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, मधे काही काळ सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ पासून पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते थकले, आणि आजवर शेत नि कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, सांभाळणाऱ्या कितीतरी बायका पगाराच्या कामासाठी घराबाहेर पडल्या. शेवंतीबाई त्यांतल्या एक. नवऱ्याचा ट्रक बंद पडल्यावर डिसेंबर २०१२ मध्ये त्या आमच्याकडे झाडलोटीला लागल्या.

‘आमच्याकडे’ हा शब्द मी सवयीने वापरतो. कागदावर त्या आमच्या कधीच नव्हत्या. २०२३ च्या जूनमध्ये कॉलेजात २४ कंत्राटी माणसं होती, १५ सफाईला आणि ९ पहाऱ्याला. निविदा निघायची, सर्वांत कमी दराचं कंत्राट मंजूर व्हायचं. साडेदहा वर्षांत कंत्राटदार चार झाले. शेवंतीबाई त्याच, जिना तोच, फिनेलचा डबाही तोच.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९९ मध्ये सन्मानाच्या कामाची कल्पना मांडली: पुरेसा रोजगार, कामावरचे हक्क, सामाजिक सुरक्षा आणि मालक-कामगारांचा संवाद. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली, त्यांतलं आठवं याच कल्पनेवर उभं आहे. विद्यापीठांनी त्यासाठी काय करावं असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात: कौशल्यं शिकवा, प्लेसमेंट वाढवा, नवउद्योगांना जागा द्या. ही कामं खरोखर गरजेची आहेत. पण टाइम्स हायर एज्युकेशन या ब्रिटिश नियतकालिकाने या उद्दिष्टांवर विद्यापीठांना जोखणारी जी इम्पॅक्ट क्रमवारी २०१९ मध्ये सुरू केली, तिच्यात आठव्या उद्दिष्टाखाली विद्यापीठांना आणखी एक प्रश्न असतो: बाहेरच्या कंत्राटदाराकडून काम करून घेता तेव्हा त्या कामगारांना तुमच्या कर्मचाऱ्यांइतकेच हक्क मिळतील याची काय तजवीज आहे? हा प्रश्न मी वाचला होता. तो आम्हाला उद्देशून आहे असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

अडचण कशी पुढे आली

तिसऱ्या वर्षाच्या २२ मुलांचा प्रकल्प ठरला होता: औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची पाहणी. श्रम संघटनेच्या चार खांबांप्रमाणे प्रश्नावलीचे चार भाग केले होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा वसाहतीत जायचं होतं, पण पावसाने असा काही जोर धरला की गाडी काढण्यात अर्थ नव्हता. माझी सहकारी रश्मी म्हणाली, “सर, आज इथेच तालीम करूया. मावश्यांना विचारूया.” रश्मी लेक्चर बेसिसवर शिकवते, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे. तिचं हे कंत्राट पुढेही महत्त्वाचं ठरणार आहे.

मुख्य जिन्याखाली एक खोली आहे. खोली कसली, जिन्याच्या उतारामुळे मागच्या भिंतीशी ताठ उभंही राहता येत नाही. झाडू, बादल्या, फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्या तिथेच, आणि त्यांच्याच बाजूला खिळ्यांवर बायकांच्या डब्यांच्या पिशव्या. कपडे बदलायचे तिथे, जेवायचं तिथेच. दीक्षा नावाची विद्यार्थिनी बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि एकेक प्रश्न विचारू लागली.

सातवा प्रश्न होता: तुमच्या पगारातून पीएफ कापला जातो का?

शेवंतीबाई म्हणाल्या, “कापतात म्हणे.”

प्रश्नावलीत ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच चौकोन होते. दीक्षा थांबली. “म्हणे म्हणजे काय, मावशी?” सुपरवायझर सांगतो. स्लिप? स्लिप कधी बघितली नाही. खात्याचा नंबर? एका चिठ्ठीवर होता, ती चिठ्ठी पावसात भिजली.

दीक्षाने मोबाइल काढला. आधारवरून नंबर शोधता येतो हे तिला ठाऊक होतं, कारण घरी वडिलांचं पासबुक तीच बघते. पण ओटीपी शेवंतीबाईंच्या फोनवर आलाच नाही. तो गेला सुपरवायझरच्या फोनवर. खातं उघडताना त्यानेच आपला नंबर दिला होता. असं १५ पैकी ११ जणींचं निघालं. दोघींचं आधारवरचं आणि पीएफमधलं नाव जुळेना. गोव्यात लग्न झालं की पुष्कळ घरांत मुलीचं पहिलं नावही बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, कंत्राटदाराच्या वहीत तिसरं. पासबुक उघडलं ते फक्त मनीषाचं, कारण ती सगळ्यांत तरुण आणि तिने स्वतःचा नंबर हट्टाने लिहून घेतला होता.

त्या छोट्या पडद्यावर नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्या ओळी होत्या. त्यापुढे काही नव्हतं. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणजे डिसेंबर ते जून अशा सात महिन्यांच्या रकमा एव्हाना जमा असायला हव्या होत्या. पगार मात्र दर महिन्याला कापूनच हातात पडत होता.

खोलीत कुणी काही बोलेना. मग शेवंतीबाई दीक्षाला म्हणाल्या, “माझं नाव लिहू नको गो, बाय. कामावरनं काढतील.”

माझी पहिली चूक

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्राचार्यांकडे गेलो. चीड आली होती, आणि ती खरी होती. पण हातात काय घेऊन चाललो आहे याचा विचार मी केला नाही. मी मनीषाचं नाव घेतलं नाही, एवढंच पुरे आहे असं मला वाटलं. प्राचार्य मनाने सरळ. त्यांनी माझ्यासमोरच कंत्राटदाराला फोन लावला आणि विचारलं, “आमच्याकडच्या एका बाईचं पासबुक नोव्हेंबरपासून कोरं आहे, हे काय?”

पासबुक उघडतं अशी बाई एकच होती. कंत्राटदाराला तेवढं कळायला फोन ठेवायचाही अवकाश लागला नसेल.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मनीषाची बदली त्याच कंत्राटदाराकडे असलेल्या दुसऱ्या कार्यालयात झाली. आमच्याकडे ती चालत यायची. तिकडे जायला दोन बस. मुलगी अंगणवाडीत, तिला सोडून सकाळी सातला हजर राहणं शक्यच नव्हतं. सासूला गावाहून बोलावून तिने पाच आठवडे काढले. या पाच आठवड्यांचा दोष मी दुसऱ्या कुणावर टाकू शकत नाही. मुलांना मी शिकवत होतो की पाहणीत माहिती देणाऱ्याची ओळख राखायची असते. नाव गाळलं की ओळख राखली जाते असं नाही, हे मला त्यांच्याआधी समजायला हवं होतं.

फळ्यावरचं गणित

मनीषाची बदली झाली त्या दिवशी वर्गात कुणी प्रकल्पाचं नाव काढायला तयार नव्हतं. दीक्षा रडवेली झाली होती. एका मुलाचे वडील स्वतः कामगार पुरवणारे कंत्राटदार. तो उठून म्हणाला, “सर, कंत्राटदारालाही परवडत नसेल. दर काय दिलाय ते बघा ना.” इतर मुलं त्याच्यावर तुटून पडली. पण मुलगा बरोबर बोलत होता, आणि पुढचं सगळं त्याच्या त्या वाक्यामुळे घडलं.

आम्ही फळ्यावर मांडायला घेतलं. समजा कायद्याप्रमाणे मजुरी १०० रुपये. मालकाचा पीएफ १२, त्यावर विमा आणि प्रशासनाचा खर्च धरून १३. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, ३.२५. बोनस कमीत कमी ८.३३. बेरीज १२४ रुपये ५८ पैसे. कामगाराच्या वाट्याचे पीएफचे १२ आणि ईएसआयचे ७५ पैसे मजुरीतूनच जातात, म्हणजे तिच्या हाती महिन्याला ८७.२५. झाडू, फिनेल, गणवेश, पावसाळी बूट, सुपरवायझरचा पगार, कंत्राटदाराचा नफा हे सगळं १२४.५८ च्या वर.

मग कार्यालयातून मंजूर निविदा आणली. आमचा दर याच मापाने मोजला तर ११९ च्या आसपास येत होता.

एक झाडू विकत घ्यायच्या आधीच साडेपाच रुपये कमी. ते कुठून येणार होते? कंत्राटदार घरातून घालणार नव्हता. निविदा उघडली त्या दिवशीच ठरलं होतं की ते शेवंतीबाईंच्या पीएफमधून येणार. तुलनात्मक तक्ता फाइलला होता. खाली खरेदी समितीच्या पाच सह्या होत्या आणि त्यांतली तिसरी माझी. अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मला त्या समितीवर घेतलं होतं. मी आकड्यांची उतरती भाजणी बघितली, सर्वांत खालचा आकडा बघितला आणि सही केली. पाच मिनिटांचं गणित होतं ते.

मुलांना मी ती सही दाखवली. लपवली असती तर पुढे त्यांना काही शिकवायला तोंड राहिलं नसतं.

हिशेबनीसांनी त्याच संध्याकाळी जुनी बिलं काढली. प्रत्येक बिलाला पीएफच्या चलनाची झेरॉक्स जोडलेली होती, म्हणून बिलं पास होत गेली. पण चलन कंत्राटदाराच्या सगळ्या ठिकाणच्या कामगारांचं मिळून एकच. त्यात आमच्या २४ जणांचे पैसे आहेत की नाहीत हे चलनावरून कळतच नाही. त्यासाठी नाववार यादी लागते. ती आम्ही कधी मागितली नव्हती. मार्चच्या आणि एप्रिलच्या बिलाला तर एकाच क्रमांकाचं चलन दोनदा जोडलं होतं.

समोर असलेले पर्याय

ऑगस्टच्या मध्यावर प्राचार्य, हिशेबनीस, रश्मी आणि मी बसलो. व्यवस्थापनाचा एक प्रतिनिधीही होता.

कंत्राटदाराला समज देऊन विषय मिटवावा असं त्याचं मत पडलं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट तोंडावर आली होती, त्याची काळजी मी समजू शकतो. पण समज एकदा फोनवर देऊन झालीच होती आणि तिची किंमत मनीषा भरत होती.

कंत्राट तडकाफडकी रद्द करणं मला आधी पटलं होतं. रश्मीने हात वर करून विचारलं, “नवा कंत्राटदार हीच माणसं घेईल असं कुठे लिहिलंय?” कुठेच लिहिलं नव्हतं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, १९ सप्टेंबरला होती. चवथीच्या तोंडावर २४ घरांचा पगार बंद पडला असता आणि आम्ही मात्र न्याय केल्याच्या समाधानात राहिलो असतो.

कामगारांना कॉलेजच्या सेवेत घेणं हा खरा उपाय. पण पदं सरकार मंजूर करतं, ते प्राचार्यांच्या हातात नाही. त्यावर फार वेळ गेला नाही.

उरला तो मार्ग कायद्यातच होता. त्या वेळी लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे कॉलेजवर, एक जबाबदारी टाकलेली होती: कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकाने द्यायची आणि कंत्राटदाराच्या बिलातून वसूल करायची. पीएफच्या बाबतीतही मुख्य मालकाला हात झटकता येत नाहीत. आजवर आम्ही या कलमांकडे ‘आपल्यावर येऊ शकणारं संकट’ म्हणून बघत होतो. त्या बैठकीत पहिल्यांदा कळलं की हा आपल्या हातातला अधिकारही आहे.

काय केलं

सर्वांत आधी बायकांना विचारलं. हे आम्ही एक महिना उशिरा केलं. शनिवारी दुपारी काम संपल्यावर अर्थशास्त्राच्या वर्गात सगळ्या जमल्या. बाकांवर बसायला त्या तयार नव्हत्या; रोज पुसतात ते बाक. रश्मीने आणि मुलींनी स्वतः त्यांच्या शेजारी बसून त्यांना बसवलं. फळ्यावरचं गणित दीक्षाने पुन्हा मांडलं, कोकणी-मराठी मिसळून, आणि दोघी कन्नड बोलणाऱ्यांसाठी त्यांच्यातल्याच एकीने ते सांगितलं. ठरलं असं की २४ जणांनी मिळून एकच अर्ज द्यायचा, खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे गोलाकार. पहिली सही कुणाची हे कळू नये म्हणून गोलाकार. ही युक्ती पहाऱ्यावरच्या एका जुन्या माणसाची; तो पूर्वी खाणीवर होता.

प्राचार्यांनी कंत्राटदाराला लेखी कळवलं: १५ दिवसांत नाववार यादी सादर करा, थकबाकी भरा, मनीषाला परत पाठवा, तोवर बिल थांबेल. सप्टेंबरच्या सुरुवातीला डिसेंबर ते मार्चचे पैसे जमा झाले, आणि दुसऱ्या आठवड्यात मनीषा परत आली. पण ऑगस्टचा पगार ७ तारखेला आला नाही. कंत्राटदार बायकांना म्हणाला, “कॉलेजने माझं बिल अडवलंय, मी कुठून देऊ?”

हा सगळ्यांत अवघड दिवस होता. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळा-पानांच्या आराशीचं सामान, नव्या मूर्तीचे पैसे, माहेरी जाण्यायेण्याचं भाडं, सगळं अडलेलं. ज्यांच्यासाठी बिल अडवलं त्यांच्याच चुली आधी थंड झाल्या होत्या. शेवंतीबाई माझ्याकडे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, पीएफ म्हातारपणाचा. चवथ आता आहे.” एवढंच बोलून त्या कामाला गेल्या.

प्राचार्यांनी त्या दिवशी जे केलं त्यासाठी मला त्यांच्याबद्दल कायमचा आदर आहे. व्यवस्थापनाच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन त्यांनी सही आणली, कायद्याचं कलम टिपणीत उतरवलं, आणि १४ सप्टेंबरला २४ जणांचा पगार कॉलेजने थेट त्यांच्या बँक खात्यांत भरला. तेवढी रक्कम कंत्राटदाराच्या बिलातून वजा झाली. उरलेल्या थकबाकीची लेखी तक्रार पणजीच्या भविष्य निधी कार्यालयात गेली, कामगारांच्या नावाने नव्हे तर कॉलेजच्या. तक्रारदार संस्था असली की बदली कुणाची करणार? नोव्हेंबरमध्ये, दिवाळीनंतर, बाकीचे महिने व्याजासकट जमा झाले.

तोवर मुलांनी तीन शनिवार कागदपत्रांचं काम केलं. मोबाइल नंबर बदलणं, नावदुरुस्तीचे संयुक्त अर्ज, जुन्या खात्यांचा शोध, आणि दोनतीन खाती असतील तर ती एका क्रमांकाखाली आणणं. प्रत्येक कंत्राटदाराने नवा क्रमांक काढला होता. एकेका बाईच्या आयुष्याची चार तुकड्यांत वाटणी झाली होती. वर्गात सामाजिक सुरक्षेच्या व्याख्या पाठ करायला कंटाळणारी मुलं इथे तासन्‌तास रेंज शोधत गच्चीवर उभी राहायची.

फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये नवी निविदा निघाली. तिच्यात मजुरी, पीएफ, ईएसआय आणि बोनस यांच्या रकमा आम्हीच आधी लिहून टाकल्या, त्यांवर बोली लावताच येणार नाही अशा. स्पर्धा फक्त कंत्राटदाराच्या सेवाशुल्कावर, आणि त्यालाही खालची मर्यादा. असलेली माणसं कायम ठेवायची, पगार बँकेतून द्यायचा, प्रत्येक बिलाला नाववार यादी जोडायची. खर्च वाढला. व्यवस्थापनात त्यावरून वाद झाला आणि एका सभासदाने विचारलं की हा भार विद्यार्थ्यांच्या फीवर का पडावा. प्राचार्यांनी उत्तर दिलं की आजवर तो २४ घरांवर पडत होता.

निष्पत्ती

२४ पैकी २१ जणांची सगळी थकबाकी खात्यात आहे. तिघं पहारेकरी मधल्या काळात काम सोडून गेले, त्यांचा पत्ता लागलेला नाही. ग्रॅच्युइटी कुणालाच मिळाली नाही. तेव्हाच्या कायद्याने तिला एकाच मालकाकडे सलग पाच वर्षं लागत आणि दर तीनेक वर्षांनी मालक बदलत होता. इमारत तीच असली तरी. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

जिन्याखालची खोली आता फक्त बादल्यांची आहे. तळमजल्यावरची एक जुनी स्टोअर रूम रिकामी करून तिला खिडकी, पंखा आणि कडी बसवली. बायका तिथे जेवतात. ईएसआयचं कार्ड प्रत्येकीकडे आहे, आणि मनीषाच्या मुलीवर मडगावच्या ईएसआय इस्पितळात उपचार झाले ते त्या कार्डावर.

मुलांचा मूळ प्रकल्प जानेवारीत वसाहतीत पूर्ण झाला, बदललेल्या प्रश्नावलीने. सातव्या प्रश्नाला आता तीन चौकोन आहेत: हो, नाही, ‘म्हणे’. ज्या कामगाराचं उत्तर तिसऱ्या चौकोनात येतं त्याचं पासबुक उघडून देऊनच मुलं पुढे सरकतात, आणि तो कुठल्या कारखान्यातला हे कागदावर लिहीत नाहीत. कंत्राटदाराच्या त्या मुलाने वडिलांना निविदेचं गणित घरी मांडून दाखवलं. वडील आधी भडकले, “यासाठी कॉलेजात पाठवलं?” नंतर त्यांनी एका ठिकाणची कमी दराची बोली भरली नाही, असं तो सांगत होता.

आज पुन्हा करायचं झालं तर

प्राचार्यांकडे जाण्याआधी मी बायकांकडे जाईन. कुठली माहिती बाहेर गेली तर बोट कुणाकडे जाईल याची यादी आधी करीन. आता आमच्या विभागात कुठल्याही पाहणीआधी हा प्रश्न लेखी सोडवावा लागतो.

बिल अडवण्याआधी पगाराची सोय करीन. आमच्याकडे कलम होतं, पैसे होते, फक्त क्रम चुकला. सात दिवस चुकला, पण ते चवथीआधीचे सात दिवस होते.

खरेदी समितीवर बसताना १०० रुपयांचं गणित सोबत नेईन. हे काम एका कॉलेजावर सोडू नये असंही मला वाटतं. संलग्न महाविद्यालयांच्या तपासणीत इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा बघतात. तिथेच कंत्राटी कामगारांची पीएफची नाववार यादी मागितली तर फार कागद वाढणार नाहीत. एक यादी, वर्षातून एकदा. वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे विभाग प्रत्येक कॉलेजात आहेत, ती तपासायला माणसं बाहेरून आणावी लागणार नाहीत.

आणि रश्मी. या सगळ्यात सर्वाधिक तास तिने दिले. त्यांतल्या एकाही तासाचे पैसे तिला मिळाले नाहीत, कारण ती ‘लेक्चर’ नव्हती. ऑगस्टच्या बैठकीत ती बोलली तेव्हा तिच्या नेमणुकीचं नूतनीकरण व्हायचं होतं, आणि ज्यांच्या सहीने ते होणार ते समोरच बसले होते. नूतनीकरण झालं. पण तिने तो धोका पत्करावा असं आम्ही गृहीत धरलं, तिला विचारलं नाही. लेक्चर बेसिसवरच्या शिक्षकांना सुट्टीतला पगार, आजारपणाची रजा, पीएफ यांतलं काय मिळतं याची पाहणी आम्ही अजून केलेली नाही. या वर्षीच्या प्रकल्पाचा विषय म्हणून मी ती सुचवली आहे. मार्गदर्शक मी असेन, ती नाही.

शेवंतीबाई ५६ वर्षांच्या आहेत. पीएफच्या योजनेतली पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोंदलेली सेवा लागते आणि ती ५८ व्या वर्षी सुरू होते. किमान पेन्शन महिना १००० रुपये आहे, फार नाही, पण मरेपर्यंतची आहे. पहिल्या कंत्राटदाराकडची तीन वर्षं सापडली नाहीत. त्याने खातंच उघडलं नव्हतं. डिसेंबर २०१५ पासूनचे तुकडे जोडून जून २०२४ अखेर आठ वर्षं सात महिने भरले आहेत. एक वर्ष पाच महिने उरले. दर महिन्याच्या २० तारखेला, दुपारच्या जेवणानंतर, त्या स्टाफरूमच्या दाराशी येतात आणि फोन माझ्यापुढे धरतात. उघडायला आता त्यांना कुणी लागत नाही, चष्मा नसल्यामुळे वाचायला लागतं. मी शेवटच्या ओळीचा महिना आणि रक्कम मोठ्याने वाचतो. त्या बोटांवर मोजतात, मान हलवतात, आणि दुसऱ्या मजल्यावरचा जिना पुसायला जातात.